सासूबाईंचं बोट

बोट हलवून माणूस बरा होतो, यावर आधी माझाही विश्वास नव्हता. नंदुरबारच्या दवाखान्यात मनाच्या डॉक्टर मॅडम माझ्या नवऱ्यासमोर, हेमकांतसमोर, बसायच्या. "तो दिवस आठवा आणि माझ्या बोटाकडे बघा," म्हणायच्या, आणि बोट डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. मी मनात म्हटलं, घ्या, एवढ्यासाठी कोरीटहून उन्हातान्हात आलो. पण खोटं कशाला बोलू, फरक पडला. सासरे गेल्यापासून ट्रॅक्टरचा आवाज आला की हे कान झाकून मोरीत जाऊन बसायचे. ते कमी झालं. एकदा तर माझ्या भाजीला नावं ठेवली, मला इतकं बरं वाटलं.

सासरे, गिरधर आबा, ट्रॅक्टरमागच्या रोटावेटरच्या पात्यांत गेले. ट्रॅक्टर हेच चालवत होते. मागे कापसाच्या पऱ्हाट्या अडकल्या, त्या काढायला आबा वाकले. गावाला एवढंच माहीत. दवाखान्यातून येताना ह्यांनी मला उरलेलं सांगितलं. आबांनी 'थांब' म्हणून हाक मारली होती आणि ह्यांना ती ऐकू आली होती. आबा दिवसभर थांब-थांब करायचे, जित्याची खोड. हे वैतागले, थांबले नाहीत. बांधाशी गाडी जरा हळू झाली, आबांना वाटलं थांबली.

"मायले कळाले नको," एवढंच हे म्हणाले.

मॅडमना माहीत होतं. त्या म्हणाल्या, आधी ह्यांना स्वतःला ते पेलू द्या, मग आईंना सांगायचं की नाही ते बघू. आणि मला बजावलं, "हे घरी करू नका. आठवण उघडली की ती मिटवायला मी समोर हवी."

घरी करायचं नाही, हे मी सासूबाईंना, गजराबाईंना, जसंच्या तसं सांगितलं. पण त्या दृष्ट काढण्यात अख्ख्या गल्लीत नावाजलेल्या. त्यांच्या लेखी बोट फिरवणं म्हणजे उतरवणंच. परक्या बाईच्या बोटानं उतरतं, तर आईच्या का नाही?

आबांच्या मागची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आबांच्या नावानं घागर भरायला सगळी भावकी आली, बायकांनी गळे काढले. ह्यांना घाम फुटला, हात कानांवर गेले. सासूबाई उठल्या, सगळ्यांदेखत ह्यांच्यासमोर बसल्या आणि बोट धरलं.

"देख बेटा, मन्हा बोटकडे. काय दिखस ते सांग."

मी पुरणाच्या हातानं धावले. "आत्या, नका," सासूबाईंना म्हटलं. तर एका म्हातारीनं मलाच खाली बसवलं, म्हणे माय-लेकाच्या मधी पडू नको. तोवर ह्यांचे डोळे बोटामागे जायला लागले होते. शिकवलेलंच होतं ना ते.

"आबा हाक मारतस," हे म्हणाले.

"काय म्हनतस?"

"थांब म्हनतस. मी आयकं. तरी थांबनू नही."

बोट तिथंच राहिलं. ह्यांचे डोळेही तिथंच. सासूबाईंनी बोट पदराला पुसलं आणि उठल्या. त्याच दिवशी लेकीबरोबर तिच्या सासरी, रनाळ्याला निघून गेल्या.

आता हे मोरीतून बाहेर येत नाहीत. मॅडम म्हणतात, पहिल्यापासून सुरू करू, जमलं तर आईंना आणा. काल मी रनाळ्याला गेले. सासूबाई डाळ निवडत होत्या. मान वर न करता बोलल्या.

"त्याले सांग, मी माफ करं. पन त्यानं तोंड माले दखाडू नको."

माफ केलं म्हणायचं आणि तोंड बघायचं नाही; मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. पण नवरा त्यांचा गेला होता, मी काय बोलणार. तशीच परत आले.

हे मोरीच्या उंबऱ्यावर बसले होते. "काय म्हने माय?"

"माफ करं म्हने," मी सांगितलं.

ह्यांनी माझ्यामागं दाराकडे बघितलं. "मंग उनी का बरं नही?"