लाल सिलिकॉन

सकाळी सहापासून स्तानोये व्हॅनच्या इंजिनवर ओणवा होता. दुपारचे दोन वाजले तरी इंजिन होतं तसंच होतं, फक्त स्तानोये काळा झाला होता. त्याची बायको देसांका हिने दोनदा कॉफी आणून ठेवली, दोनदा ती निवली, आणि दुसऱ्या कपाच्या तळाशी तर एक नट निघाला. तेव्हापासून तिने अंगणात यायचं बंद केलं.

घोडं नेमकं आजच अडावं, याचा त्याला खरा संताप होता. दुनाव नदीच्या पलीकडे, वाळूच्या रानात, बागरेमची झाडं परवापासून फुलली होती. हा पांढरा फुलोरा जेमतेम दहा दिवस टिकतो, आणि मध्येच वारा सुटला तर सहाव्या दिवशी जमिनीवर येतो. वर्षाचा चांगला मध काय तो तेवढ्यात मिळायचा. गावातले बाकीचे मधवाले रविवारीच आपापल्या मधमाश्यांच्या पेट्या घेऊन गेले. स्तानोयेच्या अडतीस पेट्या मात्र अजून परसातच होत्या. रानातल्या राखणदाराने फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, की आजची रात्र तुझी जागा धरतो, उद्या उजाडल्यावर दुसऱ्याला देणार. म्हणजे सूर्य कलला आणि माश्या घरी परतल्या, की पेट्यांची दारं लावायची, गाडीत चढवायच्या आणि निघायचं. गाडी धड असेल तर.

गाडी चालतच नव्हती असं नाही. चालायची, पण फुसफुसत. इंजेक्टरच्या बुडातून जळका वायू वर यायचा, फस्‌फस् आवाज व्हायचा, आणि आत बसणाऱ्याचं डोकं चढायचं. इंजेक्टरांभोवती डांबरासारखी काळी खळ साचून तिचा दगड झाला होता. इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणातून, टॅपेट कव्हरमधून, ऑइल गळायचं, ते तापलेल्या एक्झॉस्टवर पडायचं, आणि चढावर इतका धूर निघायचा की मागचे लोक भर दुपारी दिवे लावायचे. असल्या धुरात माश्यांना कोंडून चार तास न्यायचं, म्हणजे रानात पोचेपर्यंत निम्म्या पेट्या मेलेल्या.

आणि हे सगळं गेल्या वर्षभरात तीनदा दुरुस्त झालेलं होतं. तिन्ही वेळा ओब्रादने केलं होतं.

ओब्रादबद्दल बोलायचं तर जपून बोलावं लागतं, कारण तो स्तानोयेचा कुम. लग्नात त्याच्या पाठीशी उभा राहिलेला, पोरीच्या बाप्तिस्म्याला तिला हातावर घेऊन तिचं नाव ठेवणारा. सख्ख्या भावाशी भांडता येतं, त्याला कोर्टात खेचता येतं, कुमाशी नाही. कुमाच्या घरी मीठ जास्त पडलं तरी मुकाट्याने पाणी पीत जेवायचं. त्यात ओब्राद काही ऐरागैरा नव्हता. तीस वर्षं बस डेपोत मेकॅनिक होता, आणि नुसता आवाज ऐकून कुठला सिलिंडर कामचुकार आहे ते सांगायचा. त्याने हात लावलेली गाडी दुसऱ्याकडे नेणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. म्हणून स्तानोयेने शहरातून गुपचूप इंजेक्टरची सीलं, तांब्याची वायसरं आणि टॅपेट कव्हरचं नवं रबरी पॅकिंग आणलं, मोबाइलवर एक व्हिडिओ चार वेळा पाहिला, आणि फाटक लावून घेतलं.

व्हिडिओतल्या माणसाने कव्हर पाच मिनिटांत काढलं होतं. त्या भाग्यवंताला लाल सिलिकॉन भेटलं नव्हतं.

इथे कव्हरखाली पॅकिंग नव्हतंच. ओब्रादने पॅकिंगच्या जागी लाल सिलिकॉनची अख्खी नळी पिळली होती. खाचेत, खाचेबाहेर, बोल्टांच्या डोक्यांवर, शेजारून जाणाऱ्या वायरीवरसुद्धा. ते वाळून असं चिकटलं होतं, की कव्हर सुटायलाच दोन तास गेले. स्तानोयेने पात्याने खरवडलं, पकडीने ओढलं, शेवटी नखं लावली. लाल तुकडे त्याच्या केसांत गेले, बाहीत गेले, एक दातांतही गेला. डेपोतला उस्ताद म्हणे, तो पुटपुटत होता, केक करणारीही क्रीम याहून हात राखून लावते. गाडीच्या खणात उरलेली अर्धी नळी सापडली, तीही लालच. ती त्याने जोरात कुंपणालगतच्या खाजऱ्या झुडपांत भिरकावली. त्याने जरा बरं वाटलं, पण फार वेळ नाही.

कारण मग इंजेक्टर आले. पहिला निघाला, दुसरा निघाला, चौथाही निघाला. तिसरा हलायलाच तयार नव्हता. स्तानोयेने त्याच्या बुडाशी डिझेल ओतलं, वाट पाहिली, पान्याने केसभर डावीकडे, केसभर उजवीकडे, असं तासभर चालवलं. एकदा पाना निसटून बोटाची साल निघाली. शेवटी तिसरा सुटला तो असा अचानक, की स्तानोये मागच्या मागे जमिनीवर बसला. आकड्याची तार घालून त्याने भोकाच्या तळाचं जुनं वायसर बाहेर काढलं. नवं बसवण्याआधी एकदा बघावं म्हणून टॉर्च मारला, आणि कपाळाला हात लावला.

खाली आणखी एक वायसर होतं. काळं पडलेलं, तळाला बसलेलं. म्हणजे त्याच्या डोक्यावर दुसरं ठेवून इंजेक्टर बसवला होता. मग तो नीट टेकणार कसा? वायू वर येणार नाही तर काय होणार? वर्षभराचा फसफसाट, डोकेदुखी, बायकोची टोमणेबाजी, सगळ्याचं मूळ हे एवढंसं तांबं. डेपोत नवशिक्यालाही पहिल्या दिवशी सांगतात, जुनं वायसर निघालं की नाही ते बघ. आणि तीस वर्षांच्या माणसाने तीनदा बघितलं नव्हतं. स्तानोयेला रडावं की गाडीला लाथ घालावी ते कळेना. त्याने लाथ घातली. मग तार घेऊन पुन्हा वाकला, पण आकडा दरवेळी निसटत होता.

साडेचारच्या सुमाराला फाटकाबाहेर मोपेड थांबल्याचा आवाज आला. अशी खोकत थांबणारी मोपेड गावात एकच होती, ओब्रादची. स्तानोयेने हाताला लागली ती घोंगडी इंजिनवर टाकली आणि तिच्यापुढे उभा राहिला. देसांकानेच फोन करून ओब्रादला बोलावलं होतं, हे त्याला नंतर कळलं.

ओब्राद आत आला तो सरळ अंगणाच्या मधोमध ठेवलेल्या बादलीवर. बादली कलंडली, काळं डिझेल फरशीवर पसरलं. एवढी मोठी बादली, भर उन्हात. सकाळपासून राकियाचे पेले चढवून आलाय, स्तानोयेच्या मनात आलं.

"थंडी वाजतेय का तिला?" ओब्राद घोंगडीकडे हात करून म्हणाला.

त्याने घोंगडी ओढली. आपल्या पाठीमागे दुसऱ्याने गाडी खोलली, याबद्दल चकार शब्द काढला नाही. कव्हरच्या खाचेतून नुसता अंगठा फिरवला, पॅकिंग आणलंस का विचारलं, आणलं म्हटल्यावर बरं केलंस म्हणाला. ते 'बरं केलंस' स्तानोयेला शिवीपेक्षा झोंबलं. मग ओब्राद चारही भोकांवर एकेक करून वाकला आणि म्हणाला, की सगळी साफ आहेत, इंजेक्टर बसवायला घे, ऊन चाललंय.

स्तानोयेने टॉर्च तिसऱ्या भोकात धरला. "हेही साफ?"

ओब्रादने पाहिलं. "आरशासारखं."

मग मात्र स्तानोयेचा तोल गेला.

"कुम, आत वायसर आहे. तू एकाच्या टाळक्यावर दुसरं बसवलंस. तीनदा खोललंस आणि तीनदा तसंच ठेवलंस. वर्षभर मी धूर खातोय आणि तोंडातून शब्द काढला नाही. आता माझा बागरेम चाललाय. डेपोत हे केलं असतंस तर त्यांनी तुझ्या हातात झाडू दिला असता."

स्वयंपाकघराच्या खिडकीत देसांका हातातलं ताट तसंच धरून उभी राहिली. याहून कमी बोलण्यावरून या गावात कुम वीस वीस वर्षं एकमेकांच्या दारात गेलेले नाहीत. स्तानोयेला ते कळत होतं, पण शब्द सुटून गेले होते, आणि खरं सांगायचं तर राग अजून उतरला नव्हता.

ओब्रादने चिंधी उचलून हात पुसले. हात स्वच्छच होते.

"तार दे," तो म्हणाला.

त्याने तारेचं टोक बोटाने चाचपलं आणि पकडीत धरून किंचित वाकवलं. मग डोळे मिटून तार भोकात सोडली. एकदा सावकाश गोल फिरवली, कुठेतरी थांबला, मनगट एवढंसं वळवलं. तार वर आली तेव्हा काळं वायसर तिला लटकत होतं. स्तानोये तासाभरात जे करू शकला नव्हता, ते ओब्रादने न बघता केलं.

"मला ते दिसलंच नाही," ओब्राद म्हणाला. "मला भोकच नीट दिसत नाही, स्तानोये. मधोमध धुकं आहे. दीड वर्ष झालं. काळं पॅकिंग काळ्या खाचेत कुठे जातं, कळत नाही. लाल तेवढं कळतं. म्हणून लाल आणत होतो."

स्तानोयेने आपल्या नखांकडे पाहिलं. नखांत दिवसभराचं लाल भरलेलं होतं. त्याला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून पुन्हा राग आला. मग सांगायला काय झालं होतं, असं त्याने विचारलं. ओब्राद म्हणाला, सांगितलं असतं तर तू दुसऱ्याकडे गेला असतास. आणि स्तानोये खरंच गेला असता.

स्तानोये बघत होता आणि ओब्रादचे हात काम करत होते. नवी वायसरं बसली, सीलं बसली, एकेक इंजेक्टर खट् आवाज करून आपल्या जागी टेकला. काळं पॅकिंग स्तानोयेने खाचेत दाबलं, आणि कव्हर ठेवायला घेतलं तसा ओब्राद म्हणाला, की थांब, मागच्या दोन कोपऱ्यांत सिलिकॉनचा ठिपका लागतो, तिथे नुसतं रबर टिकत नाही. व्हिडिओतल्या माणसानेही हेच सांगितलं होतं, स्तानोयेच्या लक्षातून गेलं होतं.

स्तानोये झुडपांत शिरला. नळी सापडेपर्यंत कोपरापर्यंत हात खाजून लाल झाले. ती त्याने आणून ओब्रादच्या हातात दिली.

"तूच लाव."

ओब्राद वाकला आणि दोन कोपऱ्यांत दोन ठिपके ठेवले. वाटाण्याएवढे, एकसारखे, जिथे हवेत तिथेच. मग स्तानोयेने बोल्ट आवळले, मधून बाहेर, एक इकडचा एक तिकडचा, आणि ओब्राद शेजारी उभा राहून आकडे मोजत गेला. किल्ली फिरवल्यावर इंजिनने दोनदा कुरकुर केली, काळ्या धुराचा एक लोट सोडला, आणि मग नीट चालू झालं. फसफस नाही, वास नाही. ओब्रादने कव्हरवर तळवा ठेवून मान तिरपी केली.

"तिसरा कामाला लागला," तो म्हणाला.

सूर्य टेकला. परसात माश्यांची शेवटची ये-जा थांबली. स्तानोये एकेक पेटीचं दार लावत गेला. पेट्या उचलायला मधवाले लाल दिवा वापरतात, कारण माश्यांना लाल दिसत नाही, त्या दिव्यावर धावून येत नाहीत. स्तानोयेने तो पहिल्या पेटीशेजारी खांबाला टांगला. मोपेडची किल्ली देसांकाने केव्हा आपल्या एप्रनच्या खिशात टाकली ते कुणालाच कळलं नाही.

पहिली पेटी उचलायला दुसरं माणूस हवं होतं. स्तानोये हाक मारणार, तोच ओब्राद घराच्या पायरीवरून उठला. अंगणाच्या मधोमध ती बादली पुन्हा तशीच ठेवलेली होती, ती उचलायची राहून गेल्याचं स्तानोयेला आत्ता दिसलं. ओब्राद लाल दिव्याकडे तोंड करून चालत आला, बादलीला पायाने चाचपून बाजूने वळला, आणि येऊन पेटीच्या दुसऱ्या कडेला हात घातला.

"उचल," तो म्हणाला.