चाचणीची चंद्रकला

साकोलीत प्रफुल्ल रामटेकेला सगळे 'सॉफ्टवेअरवाले सर' म्हणत. बसस्टँडजवळच्या गाळ्यात पुढच्या खोलीत पोरांचा कोडिंगचा क्लास चाले आणि मागच्या खोलीत त्याचं स्वतःचं काम. फॉक्सप्रोवर त्याचा हात बसला, मग व्हिज्युअल बेसिक आलं आणि गेलं, मग पीएचपी, आता पायथन. भाषा बदलल्या, पण माणसाची खोड बदलली नाही. नवा प्रोग्राम लिहिला की चाचणीसाठी पहिलं नाव तो बायकोचंच टाकायचा: चंद्रकला प्रफुल्ल रामटेके, साकोली.

त्यामुळे घरी एक गाय नसताना चंद्रकला दूध डेअरीची सभासद झाली होती. तुमसरच्या राइस मिलमध्ये तिच्या नावाने धान मोजलं गेलं होतं, आणि वाचनालयाची पुस्तकं तिने कधीच परत केली नव्हती. फोनवर मेसेज आला की ती हसून म्हणायची, "अजी, आज मी किती दूध घातलो म्हनते तुमची डेअरी?" नवऱ्याचं काम जमलं की नाही, हे तिला असं फोनवरून कळायचं. त्याचं तिला भारी कौतुक होतं.

क्लासमधल्या पोरांना मात्र प्रफुल्ल दरडावून सांगायचा. बदल करायच्या आधी जुन्या कोडची प्रत ठेवा. चाचणीच्या नोंदी काढल्याशिवाय प्रोग्राम गिऱ्हाइकाच्या हाती देऊ नका. आणि काहीही झालं तरी कोडमध्ये एखाद्या माणसाचं नाव घालून अट लिहू नका, ती ओळ तुम्ही विसराल पण ती तुम्हाला विसरणार नाही. पोरं मान डोलावत लिहून घेत. सरांनी स्वतः यातलं काय पाळलं, हे विचारायची कोणाची छाती होती?

गावातल्या एका रक्त तपासणीच्या लॅबने त्याच्याकडून प्रोग्राम करून घेतला, तेव्हाची गोष्ट. मशीनमधले आकडे थेट प्रोग्राममध्ये यायचे. रिपोर्ट पेशंटच्या मोबाइलवर जायचा, आणि आकडा धोक्याचा असला तर नाव लाल यादीत चढायचं. लॅबमधली रिता ती यादी बघून पेशंटला तातडीने फोन करायची. चाचणी अर्थातच चंद्रकलाच्या नावावर झाली. एका दिवसात तिला मलेरिया झाला, साखर वाढली आणि रक्त कमी झालं. संध्याकाळी तो घरी आला तर ती फोन हातात धरून ओट्यावर बसलेली.

"मले बिमारीचे मेसेज नका धाडत जाऊ जी," ती म्हणाली. "खोटे आहेत हे मालूम आहे मले, पन जीव घाबरते."

त्याला तिची दया आली आणि थोडी लाजही वाटली. जेवायच्या आधीच त्याने लॅपटॉप उघडून एक ओळ टाकली. नाव चंद्रकला प्रफुल्ल रामटेके असेल, तर मेसेज पाठवू नको, लाल यादीतही घेऊ नको. पुढे काढून टाकू, असं मनाशी म्हणाला. त्यानंतर डेअरीचं काम आलं, मिलचं आलं, आणि ओळ तिथेच राहिली.

यंदा धानाची कापणी सुरू असताना चंद्रकलाच्या पायांवर सूज दिसू लागली. अन्नावरची वासना गेली, चार पायऱ्या चढली की बसायची. डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या. प्रफुल्ल तुमसरला मिलच्या काट्याचा प्रोग्राम दुरुस्त करायला निघाला होता. तो म्हणाला, "आपल्याच लॅबमंधी जा. काही असलं तर मेसेज येईन."

ती गेली. रिताने नावाची पहिली अक्षरं टाकताच पूर्ण नाव खाली आलं. जुनी पेशंट दिसते म्हणून तिने तेच निवडलं. यात तिचं काही चुकलं नव्हतं.

मेसेज आला नाही. "काही नसनच," चंद्रकला म्हणाली, आणि डॉक्टरांकडे परत न जाता मेडिकलमधून टॉनिकची बाटली घेऊन आली. प्रफुल्ललाही हायसं वाटलं. आपल्या प्रोग्रामवर त्याचा एवढा भरवसा होता की डोळ्यांसमोर बायकोचा चेहरा सुजत होता, तरी त्याने तो पाहिला नाही. पंधरवड्याने ती न्हाणीत कोसळली.

नागपूरच्या डॉक्टरांनी विचारलं, "दोन्ही किडन्या गेल्यात. आधी तपासणी केली नव्हती का?" प्रफुल्लने वॉर्डाबाहेरच्या बाकावर लॅपटॉप उघडला. तिचा रिपोर्ट होता. किडनीचा आकडा लाल होता. नमुना दिला त्याच दिवशी दुपारी प्रोग्रामला सगळं कळलं होतं आणि त्याने सांगितल्याप्रमाणे प्रोग्राम गप्प बसला होता. मग त्याने कोड उघडला. ती ओळ शोधावी लागली नाही, कुठे आहे ते त्याला माहीत होतं. भर गर्दीत त्याला रडू फुटलं.

तोंड धुऊन तो आत गेला. चंद्रकलाच्या मानेत डायलिसिसची नळी घातली होती. उशाशी तिचा धाकटा भाऊ डोमा लॅबवाल्यांच्या नावाने बोटं मोडत बसला होता. तिने डोळे उघडून हळूच विचारलं, "अजी, तुमच्या प्रोग्रामात तर काही गडबड नोती ना?"

"नाही," प्रफुल्ल म्हणाला. "त्यायची मशीन बंद होती."

"मंग ठीक आहे." तिच्या चेहऱ्यावर खरंच समाधान आलं. "नाहीतर लोक तुमाले नावं ठेवतीन." मग सुई टोचायला आलेल्या सिस्टरला तिने सांगितलं, की आमच्या यायचे प्रोग्राम साऱ्या जिल्ह्यात चालतात. दोन दिवसांनी ती गेली.

तिच्या मागे ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या विधीला दारापुढे मांडव घातला होता. वंदना झाली, भंतेजींचं बोलणं झालं, जेवणाच्या पंगती बसायच्या होत्या. तेवढ्यात मांडवाच्या कडेला रिता दिसली. रडून तिचे डोळे सुजले होते. डोमाने तिला ओळखलं आणि सगळ्यांसमोर ओरडला, "कोन्या तोंडानं आली इथं? मशीन बंद होती तं सांगाले काय झालं होतं? खाल्लं माह्या बहिनीले!"

"मशीन बंद नोती," रिता कशीबशी म्हणाली. "मीच काही चुकीचं दाबलो असन. सर, मले समजून नाही राहिलं."

प्रफुल्ल उठला. "तिची चूक नाही," तो म्हणाला. "माही आहे. प्रोग्राममंधी मी एक ओळ लिवली होती. चंद्रकलाचं नाव आलं तं कोनाले सांगू नको, अशी. म्हनून मेसेज आला नाही."

मांडवात कोणाला काही कळलं नाही. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. म्हातारे म्हणाले, बसवा त्याले, पानी द्या. एकट्या रिताने तोंडावर हात धरला. तो प्रोग्राम तिच्या रोजच्या हाताखालचा होता. डोमा पुढे आला आणि त्याने मेहुण्याच्या खांद्यावर हात ठेवला. आवाज एकदम मऊ झाला होता.

"भाऊजी, तुमी दुःखानं कायबी बोलून राहिले. कोनता नवरा असं लिवन? अन् ताई सोता सांगून गेली ना मले. डोमा, यायले कोनी बोल लावला तं आयकून घेऊ नको, यायच्या प्रोग्रामची काही चूक नाही म्हने. मरता मरता ताई खोटं बोलन काय?"

सगळे हो हो म्हणाले. कोणीतरी रिताच्या दंडाला धरून तिला बाहेर नेऊ लागलं. प्रफुल्लला वाटलं, आता नुसतं खाली बसलं तरी पुरे आहे. हे लोक त्याला जन्मभर जपतील, चंद्रकलाच्याच शब्दावर जपतील.

"थांबा, तिले सोडा," तो म्हणाला. "डोमा, मशीन बंद होती हे तुह्या बहिनीले मीच सांगतलो होतो. दवाखान्यात. तवा मले सारं मालूम झालं होतं."

डोमाने खांद्यावरचा हात काढून घेतला.

"म्हंजे ताई तुमच्या खोट्यावर खुश होऊन गेली?"

"हो," प्रफुल्ल म्हणाला.