चौकोनी झालेले वीस सिगार

शनिवारी सकाळी मी बेगमपुऱ्यातल्या घरी मुलांसाठी भिंगांचा खोका उघडून बसलो होतो, तेवढ्यात जुनेद आला. हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली लाकडी पेटी, चेहरा पांढरा.

"सर, माझं काम गेलं."

जुनेद माझा जुना विद्यार्थी. सातवीत असताना त्यानं फळकुटांचा पेरिस्कोप केला होता आणि त्यातून मुख्याध्यापकांना डबा खाताना पाहिलं होतं. पुढं तो शेंद्र्याच्या एका कारखान्यात लागला. दोन महिन्यांपूर्वी नोकरी सोडून त्यानं गल्लीच्या टोकाला सुतारकामाचं छोटं दुकान टाकलं. त्याचं पहिलं मोठं काम म्हणजे ही पेटी. राजनंदिनी नावाच्या बाई हॉटेलांना भेटवस्तू पुरवतात. दक्षिणेतल्या एका छोट्या कारखान्याचे सिगार त्यांना सागवानी पेट्यांत घालून द्यायचे होते. नमुन्याची पेटी मंगळवारी बघायला येणार होत्या. आवडली तर तीनशे पेट्या. नाही आवडली तर जुनेदला पुन्हा शेंद्र्यात रात्रपाळी. सुपरवायझरनं जागा मंगळवारपर्यंतच राखून ठेवली होती.

त्यानं फडकं सोडून पेटीचं झाकण उघडलं. आत पाचाच्या चार थरांत वीस सिगार होते. सगळे चौकोनी, खडूच्या डब्यातल्या खडूंसारखे एकमेकांना चिकटून.

"हे गोल होते?"

"गोल होते, सर. कसम से."

मागोमाग त्याची बायको फहमिदा आणि दहा वर्षांची मुलगी सदफ आल्या. फहमिदाचे डोळे सुजलेले होते.

"गलती मेरी है, सरजी. एवढं ऊन पडलंय, पानं सुकतील म्हणून मी ओलं फडकं गुंडाळलं. दोन दिवस. आमच्या अब्बांची पानाची गादी होती ना. नागवेलीची पानं अशीच ठेवायचो आम्ही."

"एकटीची नाही," जुनेद म्हणाला. "कारखान्यात सवय लागली, पेटीत काही खडखडता कामा नये. म्हणून आतलं माप तीन मिलिमीटर कमी घेतलं. दाबून बसवले."

म्हणजे गोष्ट सरळ होती. सिगार ओलीनं फुगले आणि फुगायला जागा नव्हती. दोन माणसांच्या दोन चांगल्या सवयी एका पेटीत भेटल्या होत्या.

फडक्याच्या घडीत आणखी एक सिगार निघाला. तो गोलच होता. मापासाठी बाईंनी एकविसावा जास्तीचा दिला होता. पेटीत मावला नाही म्हणून तो बाहेर, पण त्याच ओल्या फडक्यात राहिला होता.

मला आनंद झाला. तो मी लपवायला हवा होता, पण सदफनं पाहिला.

"सर, तुम्ही का हसताय?"

"कारण आपल्याकडं जोडी आहे. पान तेच, ओल तीच. फरक फक्त आकाराचा. प्रयोगात एका वेळी किती गोष्टी बदलायच्या?"

"एकच," सदफ म्हणाली आणि वही आणायला पळाली.

पण सिगार ओढणार कोण? मी तंबाखूला कधी शिवलो नाही, जुनेदही नाही. मी शेजारी हाक मारली. कारभारी एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, दिवसाला दोन बिड्या ओढणारे. ते बनियनवरच आले. त्यांच्यामागून त्यांच्या बायकोचा, द्वारकाबाईंचा आवाज आला, "कुठं निघालात?"

"मास्तरांनी बोलावलंय. विज्ञानाचं काम हाय."

"विज्ञान तुमच्याबिगर अडलं व्हय!"

धूर लहान मुलांसाठी नाही, म्हणून सदफला मी घरात पाठवलं. ती बंद खिडकीच्या काचेला नाक लावून उभी राहिली. कारभाऱ्यांनी चौकोनी सिगार पेटवला. तो चुरचुरला आणि विझला. पुन्हा पेटवला, पुन्हा विझला.

"मेला!" जुनेद कपाळाला हात लावून म्हणाला.

"थांब. गोलही पेटवून बघा."

गोलही विझला.

"म्हणजे हा दोष आकाराचा नाही, ओलीचा आहे. ओल काढता येते."

जुनेद लगेच म्हणाला, "गच्चीवर उन्हात टाकतो." तेव्हा फहमिदा पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली.

"नक्को! उन्हात टाकले तर कडा तडकतील. सावलीत ठेवायचे, झाकण बोटभर उघडं. रात्री बंद, सकाळी परत उघडं. भिजलेलं पान असंच परत आणतात."

तिचं ऐकलं. एकविसावा सिगारही त्याच सावलीत, पेटीशेजारी ठेवला.

दुसऱ्या दिवशी सदफ वही आणि दोरा घेऊन आली. तिनं गोल सिगारभोवती दोरा गुंडाळून मापला, मग चौकोनी सिगारभोवती.

"सर, दोरा सारखाच लागला!"

"आता त्याच दोऱ्याचा चौकटीच्या कागदावर एकदा गोल कर, एकदा चौकोन. आत किती घरं येतात, मोज."

जीभ बाहेर काढून तिनं मोजलं. गोलात जास्त घरं आली, चौकोनात कमी.

"म्हणजे तेवढीच पानं कमी जागेत बसली," ती म्हणाली.

"शाब्बास. मग हवा कशातून अवघड जाईल?"

"चौकोनीतून!"

"मलाही तसंच वाटतं. लिहून ठेव, प्रयोगाच्या आधी."

तिनं लिहिलं, 'सरांचा अंदाज: चौकोनी सिगार जड ओढेल.' खाली माझी सही घेतली.

सोमवारी संध्याकाळी कारभारी दाढी करून आले. सदफ काचेमागं, वही उघडी. ओट्यावर मी गोल सिगार ठेवला, तो गडगडत जाऊन खाली पडला. चौकोनी ठेवला तिथंच राहिला. सदफनं न सांगता ते लिहून घेतलं. दोन्ही पेटवले, दोन्ही नीट पेटले. जुनेदनं दोन दिवसांत पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला असावा.

चौकोनी सिगारचे चार कोपरे आधी जळाले. मग राख सपाट झाली आणि तो गोलासारखाच शांतपणे जळू लागला.

मी कारभाऱ्यांच्या डोळ्यांवर त्यांचाच गमछा बांधला आणि एक सिगार तोंडात दिला.

"ही चौकोनी," ते लगेच म्हणाले. "ओठात गप बसती. गोल लई फिरती, दातानं धरावी लागती."

"हे तुमच्या ओठांनी सांगितलं. मला धुराचं हवंय." मी कागदाची नळी केली. सिगार नळीच्या पलीकडं, ओठ फक्त नळीला. असं सहा वेळा, दर वेळी दोन्ही सिगार, उलटसुलट क्रमानं. प्रत्येक वेळी दोन प्रश्न विचारायचे, ओढायला हलका कोणता आणि चवीवरून चौकोनी कोणता.

दारात द्वारकाबाई उभ्या राहिल्या होत्या. "चाळीस वर्षं तिकिटं फाडली, आता डोळे बांधून धूर काढताय. नातवाला काय सांगू?"

"सांग, आजोबा प्रयोगशाळेत लागले."

सहा वेळा झाल्या. चवीवरून त्यांनी तीनदा बरोबर सांगितलं, तीनदा चूक. नाणं उडवूनही तेवढंच आलं असतं. पण ओढण्याबद्दल साहीच्या साही वेळा त्यांचं उत्तर एकच होतं.

"ह्याच्यात धूर हलक्यानं येतो, मास्तर." दर वेळी तो चौकोनीच होता.

आतून काचेवर टकटक झाली. सदफनं वही उलटी करून काचेला लावली होती. माझ्या अंदाजावर लाल रेघ होती आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'सर चुकले.'

धूर विरल्यावर ती धावत बाहेर आली. "का चुकलात?"

मी न पेटवलेला एक चौकोनी सिगार ब्लेडनं आडवा कापला. मध्ये पानं घट्ट होती. चारही कोपऱ्यांत मात्र घड्या पूर्ण बसल्या नव्हत्या, बारीक पोकळ्या राहिल्या होत्या.

"मी सरासरी धरली," मी म्हणालो. "हवा सरासरीतून जात नाही, वाट दिसेल तिथून जाते."

"म्हणून कोपरे आधी जळाले!"

"तसं असावं. एका पेटीवरून एवढंच म्हणता येतं. तेही लिही."

मंगळवारी दहा वाजता राजनंदिनीबाई येणार होत्या. साडेनऊला आम्ही सगळे जुनेदच्या दुकानात जमलो. कारभाऱ्यांनी त्याला कानमंत्र दिला, "सांग, चौकोनी मुद्दाम केलेत. फॅशन हाय म्हण. आता ओढायलाबी चांगले हायेत, खोटं कुठं हाय?"

जुनेदनं माझ्याकडं पाहिलं. मी खिशातलं भिंग काढून पुसत राहिलो. हे उत्तर त्याचं त्यालाच लिहायचं होतं.

राजनंदिनीबाईंनी झाकण उघडलं आणि भुवया उंचावल्या. जुनेद उभ्यानं एका दमात बोलला.

"मॅडम, तुम्ही गोल दिले होते. माझं माप तीन मिलिमीटर कमी पडलं आणि आम्ही ओलं फडकं गुंडाळलं. सिगार माझ्यामुळं बदलले. दोन ओढून पाहिले, एक कापला. पेटी नापसंत असेल तर तसं सांगा."

बाईंनी एक सिगार उचलला, बोटांत फिरवला.

"ओढून पाहिले म्हणजे?"

सदफनं वही पुढं केली. बाई स्टुलावर बसल्या आणि वाचू लागल्या. दोरा, घरं, गडगडणं, कोपरे, सहा वेळा. 'सर चुकले' पाशी त्या खळखळून हसल्या.

"असे दाबलेले सिगार मुद्दाम करतात," त्या म्हणाल्या. "आमचा कारखानदार वर्षभर म्हणतोय करून बघू, पण किती दाबायचं, किती दिवस ठेवायचं, कोणी बसून पाहिलं नाही. हे सिगार मी विकणार नाही, ते चुकूनच झालेत. पेटीचं आतलं माप वाढवा, तीनशे पेट्या करा. आणि दाबायचा लाकडी साचा करून द्याल? मापं तर या वहीत आहेतच."

"साच्यासाठी ओलं फडकं मी देते," फहमिदा म्हणाली आणि स्वतःच हसली.

"उरलेल्यांचं काय करणार?" कारभाऱ्यांनी निरागसपणे विचारलं.

"बाहेर फेकणार," द्वारकाबाई म्हणाल्या, "तुमच्यासकट."

बाई गेल्यावर जुनेदनं फोन काढला. सुपरवायझरचा नंबर लावून दुकानाबाहेर गेला. आम्हाला एवढंच ऐकू आलं, "नाही साहेब, जागा दुसऱ्याला द्या. माझ्याकडं काम आहे." परत येऊन त्यानं रंधा उचलला. सदफनं वहीचं नवं पान उघडून वर तारीख घातली आणि साच्यात आधी किती सिगार घालायचे, ते विचारू लागली.