ढकलहात

ताई ची म्हणजे म्हाताऱ्यांची गुडघ्यांची कवायत, असं कुणी म्हटलं की माझं डोकं सणकतं. करा की तुम्ही गुडघ्यांसाठी, मी त्यासाठी गेलो नव्हतो. मी गेलो होतो मारामारी शिकायला, तेही पन्नाशी उलटल्यावर.

कारण सांगतो. गावच्या जत्रेत देवीच्या पालखीचा पुढचा खांदा हा आमच्या घराचा मान. वडील गेल्यावर तो थोरल्याचा, म्हणजे दीनानाथदादाचा. एका वर्षी त्याचा पाय मुरगळला होता म्हणून मी आपला पुढे झालो. त्याला वाटलं, धाकटा मान घ्यायला निघालाय. दोन्ही हातांनी त्यानं मला असं ढकललं की अख्ख्या गावासमोर मी उताणा. लोक हसले. मी उठलो, कपडे झटकले आणि घरी गेलोच नाही. नवीन पनवेलला फ्लॅट घेतला. लग्न मी केलेलं नाही. दादा, रमावहिनी आणि त्यांची अंकिता, एवढंच माझं घर होतं, ते सुटलं. दिवसभर कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रक लावून घ्यायचे, संध्याकाळी कुकर लावायचा आणि टीव्हीसमोर जेवायचं. बोलणार कुणाशी, भिंतींशी?

पुन्हा कुणी ढकललं तर पडायचं नाही, एवढं मनात धरून मी वडाळे तलावावर चारुता मॅडमच्या वर्गात नाव घातलं. तिशीतल्या, पुण्याच्या, तैवानला राहून शिकून आलेल्या. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, "मॅडम, हे हवेत हात फिरवणं पुरे. मला मारायला शिकवा."

"काका, त्याआधी ढकलून घ्यायला शिकावं लागेल," त्या म्हणाल्या.

ते रविवारी चालायचं. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, मनगटाला मनगट लावायचं आणि एकानं ढकलायचं. चिनी नाव माझ्या जिभेवर बसेना, म्हणून मी त्याला ढकलहात म्हणू लागलो, मग सगळेच म्हणू लागले. माझा जोडीदार परेश, कापड दुकानवाला. तो ढकलायचा, मी बैलासारखा अडून राहायचो आणि दर वेळी मीच पडायचो.

"भांडू नका काका, ऐका," मॅडम म्हणायच्या. "समोरचा काय करणार ते तुमच्या कातडीला आधी कळतं. तो आला की अडवू नका. कमरेतून वळा, जागा रिकामी करा. त्याचं वजनच त्याला पाडेल."

"कातडीला काय कान असतात?" मी विचारलं. परेश पोट धरून हसला.

पण खरं सांगतो, त्यात लाज कसली. रविवार सोडला तर आठवडाभर मला माणसाचा हात लागत नव्हता. परेशचं घामट मनगट माझ्या मनगटावर टेकलं की बरं वाटायचं. घरी मी बाल्कनीत तांदळाचं पोतं टांगलं. ते झोका घेऊन अंगावर आलं की वळायचं, परत आलं की परत वळायचं. शेजारी म्हणत असतील, येडा झालाय. म्हणू देत. हळूहळू विचार करावा लागेना, अंग आपोआप वळू लागलं. एका रविवारी परेश धडपडत पार कठड्यापर्यंत गेला आणि मॅडम म्हणाल्या, "आता काकांना ऐकू येतंय."

त्यानंतर रमावहिनींचा फोन आला. "भावोजी, अंकिताची हळद हाय. ह्यांनीच सांगितलंय, जगनला बोलाव म्हणून. तुमी नाय आलात तर पोरगी मांडवात बसायची नाय."

फोन ठेवला आणि मी रडलो. दादानं बोलावलं होतं. एवढी वर्षं मी दुसऱ्या कशाची वाट बघत होतो? मागचं काही उकरायचं नाही असं ठरवलं. जायचं, पाया पडायचं, की झालं.

मांडवात बँजो दणाणत होता. धवलारीण बिचारी लग्नाची गाणी म्हणत होती, पण तिचं कुणाला ऐकू जाईल तर शपथ. अंकिता पिवळीधम्मक झाली होती. मला बघून तिचे डोळे भरले. मी तिच्या गालाला हळद लावली आणि सरळ झालो, तोच बाजूनं कुणीतरी झपाट्यानं आलं. दोन हात माझ्या अंगावर आले. खांद्याला बोटं लागली मात्र, मी कमरेतून वळलो आणि जागा रिकामी केली. अडवलं नाही, जोर लावला नाही. येणारा माणूस माझ्या शेजारून तसाच पुढे गेला आणि पाटाच्या कडेवर तोंडावर आपटला.

तो दादा होता.

तसा ढकलहात मला त्याआधी कधीच साधला नव्हता. मॅडम असत्या तर त्यांनी पाठ थोपटली असती. बँजो थांबला. पोरांनी दादाला उठवून बसवलं. ओठ फुटला होता आणि दोन्ही तळवे हळदीनं भरलेले होते. मी हात पुढे केला. त्यानं तो बघितला, पण धरला नाही.

"अरं, हळद लावाय आलतो रं तुला," तो म्हणाला.

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. "दादा, मला वाटलं..." एवढंच म्हणालो. काय सांगणार, मला वाटलं तू ढकलतोयस? पोरीच्या हळदीत? तो पोरांचा आधार घेत आत गेला. बँजो पुन्हा सुरू झाला. मी कोपऱ्यात खुर्ची घेऊन बसलो. सगळे एकमेकांना हळद फासत होते, माझ्याजवळ कुणी फिरकलं नाही. माझ्या अंगाला हात लावायची हिंमत कोण करणार?

बऱ्याच वेळानं रमावहिनी आल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भावोजी, जेवून जावा."

त्या घरात मी जन्मलो. घर सुटेपर्यंत वहिनी "चला, पान वाढलंय" म्हणायच्या. "जेवून जा" पाहुण्याला म्हणतात. मी पाहुण्यांच्या पंगतीत बसलो, वाढलं ते खाल्लं आणि पनवेलला परत आलो.