खिडकीतलं तळं

“सर, तळ्याचं पाणी कोण बदलतं?”

करुणानं विचारलं आणि नववीचा अख्खा वर्ग खो खो हसत सुटला. पैज वर्गातल्या पुनम आणि चांगुणानं तिच्याशी लावली होती. भागवत सरांच्या तासाला उभं राहून हे विचारलंस, तर आठवडाभर तुझी वर्ग झाडायची पाळी आमच्याकडे. हजेरी सोडली तर करुणाचा आवाज वर्गानं कधी ऐकलाच नव्हता, म्हणून दोघी निर्धास्त होत्या.

पण प्रश्न काही उगाच आला नव्हता. वर्गातल्या काचेच्या टाकीतले मासे तिसऱ्यांदा मेले होते. कळमनुरीच्या त्या शाळेत दर शनिवारी कोरडा दिवस पाळत. डासांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून साचलेलं सगळं पाणी ओतून भांडी घासायची. मुली माठ घासत, हौद घासत आणि त्याच झपाट्यात माशांची टाकीही पावडर लावून लख्ख करत. सोमवारी मासे पोट वर करून तरंगत.

सरांनी खडू खाली ठेवला. “कुणीच बदलत नाही. मग ते सडत का नाही, हे तू मला दाखव.” दिवाळीच्या सुट्टीत टाकी करुणानं घरी न्यायची. सुट्टी संपेपर्यंत तिच्यात नवे मासे जगले तर हिंगोलीच्या विज्ञान प्रदर्शनात ती टाकी जाणार. मेले तर तिच्यात खडूंचे खोके.

वर्गाबाहेर पडताच पुनमनं तिला ‘तळंबाई’ करून टाकलं. मासे मेले तर हे नाव दहावीपर्यंत पुसलं जायचं नाही, हे करुणाला पक्कं ठाऊक होतं.

मग तिनं तळंच गाठलं. तळाला गाळ, गाळात रुजलेलं झुबकेदार हिरवं गवत, गवतात गोगलगायी. पावडर घेऊन कुणीच येत नव्हतं. घरी येऊन तिनं टाकीत दोन बोटं गाळ घातला, वर धुतलेली वाळू पसरली, त्यात गवताच्या जुड्या खोवल्या. गाळ उसळू नये म्हणून ताटली ठेवून तिच्यावर पाणी सोडलं, तेही दोन दिवस बादलीत उघडं ठेवलेलं, म्हणजे नळाच्या पाण्यातला औषधाचा वास उडून जातो. आठ दिवस नुसतं गवत वाढू दिलं, म्हणजे पुढं माशांची घाण गवतच शोषून घेतं. मग पप्पांनी, म्हणजे रत्नपालनं, सरकारी दवाखान्याच्या हौदात पाळलेले सहा गप्पी मासे आणले. चिमूटभर खाणं, दिवसाआड. बाकी काही करायचं नाही, आणि हेच सगळ्यात अवघड होतं.

अडचण निघाली ती घरातच. आई, म्हणजे संध्या, अंगणवाडीताई होती. गल्लीला कोरडा दिवस पाळायला लावायचं काम तिचंच. त्या शनिवारी शेजारच्या अनुसयाबाईंनी तिला भर गल्लीत गाठलं.

“आमचे रांजण पालथे घालून राहिल्या, अन् तुमच्या खिडकीत तळं साचलंय त्याचं काय?”

आई तरातरा घरी आली. संध्याकाळपर्यंत टाकी रिकामी दिसली पाहिजे, एवढंच म्हणाली. लोकांना शिकवायचं आणि आपल्याच घरात पाणी साचवायचं, हे तिला सोसणारं नव्हतं.

आधीची करुणा कोपऱ्यात रडत बसली असती. ही करुणा तांब्या घेऊन अनुसयाबाईंच्या न्हाणीमागं गेली. तिथला काठ फुटलेला रांजण काही पालथा नव्हता. त्यात अळ्या मजेत वळवळत होत्या. तिनं तांब्या भरला, अनुसयाबाईंना हाताला धरून आणलं, आईला बोलावलं आणि तांब्या टाकीत रिता केला.

गप्पींची पंगतच बसली. एकेक अळी गट्टम होत गेली, तसतशा अनुसयाबाई काचेजवळ सरकत गेल्या. शेवटची अळी संपल्यावर त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

“दोन मासे मला बी दे की गं, बाई.”

आईनं तोंडाला पदर लावला, पण हसू काही लपलं नाही. टाकी जागेवरच राहिली.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी गवताआडून सुईच्या टोकासारखी पिल्लं बाहेर आली. करुणानं अकरापर्यंत मोजली, पुढची थांबेनात. आईपप्पा चहा पीत होते, त्यांच्यासमोर जाऊन ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“मी ठरवलंय. हिंगोलीला टाकीपाशी मीच बोलणार. पाठ करून न्हाई, जे विचारतील ते सांगणार. पप्पा, एसटीत टाकी तुमच्या मांडीवर. अन् आई, तू बी चल. अळ्या तुलाच आणाव्या लागतील.”