शिकंज्याचा दांडा

या, असे जवळ सरकून बसा. एका बाईची गोष्ट सांगायची आहे. खरं तर ही टाळ्यांच्या ठेक्यावर गाऊन सांगावी, पण हिच्यात टाळीचंच दुःख आहे. म्हणून साध्या बोलीत ऐका.

ती बाई बाइंडरची बायको. पुढच्या खोलीत पुस्तकबांधणीचं दुकान, मागच्या खोलीत संसार. फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या छापील पानांचे जुडगे, शिवायचं काम तिचं, कागदाला घड्या घालायचं सतरा वर्षांच्या लेकीचं. सासूबाई कोपऱ्यात चिकटवायचा सरस ढवळत बसत, डाव्या हाताने. उजव्याची बोटं ठोकताना वाकलेल्या खिळ्यांसारखी झाली होती. नवऱ्याला न विचारता माहेरी पत्र लिहिलं, म्हणून सासऱ्यांनी तो हात शिकंज्यात, म्हणजे पुस्तकं दाबायच्या लोखंडी यंत्रात, पिळला होता.

त्यांच्या ख्रिस्ती मंडळीची रीतच तशी. हात पापाला लावत असेल तर तो तोडून टाक, असं शास्त्रात लिहिलंय ना, मग अक्षर न् अक्षर पाळायचं. तोडायला कुणी धजावत नसे, म्हणून मोडायचा. आणि मोडला जाई तो नेहमी बायकांचा. प्रार्थनेत गाणं रंगलं की पुरुषांच्या टाळ्या खणखणत. बायकांच्या बाजूने नुसती फटफट ऐकू येई.

त्या सकाळी पवित्र शास्त्राच्याच चाळीस प्रती बांधायच्या होत्या. बायकोकडून एक फर्मा उलटा शिवला गेला. बाइंडरने तिला केसांना धरून टेबलावर आपटलं, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा लेकीने मध्ये पडून त्याला ढकललं आणि तिची नखं त्याच्या गालावर उमटली.

त्याने गालावरचं रक्त बोटाने पुसून पाहिलं. मग अगदी शांतपणे शिकंजा सैल करून लेकीचं मनगट धरलं. बायकोला त्या शांतपणाचीच धडकी भरली.

"अहो, नका. पोर आहे ती."

"लिहिलंय ते लिहिलंय."

बायकोच्या मुठीत अजून शिवायची सुई होती. तोंडातलं रक्त गिळून ती म्हणाली, "सुईच्या नाकातून उंट जाण्याचंही लिहिलंय. ही घ्या सुई. उंट कधी आणताय?"

तेवढ्यातही सासूबाईंना हसू फुटलं. त्याने लाकडी हातोडा भिरकावला. बायकोचं कानशील फुटलं. ती तशीच बोलत राहिली. वाळलेल्या हाताचा माणूस प्रभूपुढे आला, तेव्हा प्रभूने त्याचा हात तोडला नाही, लांब करायला सांगितला आणि बरा केला. त्या प्रसंगाचं प्रार्थनेतलं गाणं ती वर्षानुवर्षं फर्मे शिवताना गुणगुणत आली होती. हात सरळ करणारा हात मोडायला कसा सांगेल, असं तिने विचारलं.

बाइंडरने लेकीचा हात शिकंज्याच्या फळीखाली सरकवला आणि दांडा फिरवला. जाड पुठ्ठा मोडावा तसा आवाज झाला. दोन बोटं मोडली. पोरीचं ओरडणं रस्त्यापर्यंत गेलं, पण रस्त्यावरून कुणी आलं नाही. रीत सगळ्यांच्याच घरची होती.

तेव्हा सासूबाई उठल्या आणि आपला वाकडा हात त्यांनी नातीच्या हाताशेजारी ठेवला.

"तुझ्या बापाने अर्धाच दाबला होता. आधी हा पुरा कर."

बाइंडर आईकडे बघत राहिला. दांड्यावरची त्याची पकड सुटली. बायकोने झडप घालून दांडा उलटा फिरवला, पोरीचा हात मोकळा केला आणि लोखंडाचा तो दांडा उपसून त्याच्या डोक्यावर उगारला. तो भिंतीशी अंग चोरून उभा राहिला. एक घाव, की सगळं संपलं असतं.

मग तिने हात सावकाश खाली आणला.

"आत्ता माझा हात पाप करणार होता," ती म्हणाली. "मी तो आवरला. तोडणं म्हणतात ते हेच. आणि तोडायचा तो ज्याचा त्याने."

बोटं कालांतराने जुळली, पण सरळ झाली नाहीत. त्याआधीच, पुढच्याच प्रार्थनेला, ती लेकीला आणि सासूबाईंना घेऊन गेली. दांडा तिने मंडळीसमोर टेबलावर ठेवला. आपल्या घरी हा पुन्हा शिकंज्याला लागणार नाही, आणि ज्यांच्या घरी ज्या कशाने हात मोडतात, ते त्यांनीही आणून इथे ठेवावं, असं तिने सांगितलं. पुरुषांनी तिला खाली बसायला फर्मावलं. ती उभीच राहिली.

मग मागून सासूबाईंनी वाळलेल्या हाताचं ते गाणं धरलं. एकेका बाईचे हात वर आले. टाळी फटफटच वाजली, पण थांबली नाही.

तुमचे हात धड असतील, मायबापहो. पुढच्या गाण्याला टाळी द्याल, तेव्हा त्या म्हातारीची तेवढी आठवण ठेवा.