न बुडणारी काठी

आमच्या दुकानात काठी बघायला मिळण्याआधी माझा नवरा कसा गेला ते ऐकावं लागतं. भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, ते इतकं सुंदर सांगतात की गिऱ्हाईक आपोआप टोपी काढून हातात घेतं. होडीत दोघे भाऊ. थोरल्याच्या हातात वडिलांची मासे पकडायची काठी. लाट येते, काठी हातातून निसटते, बुडायला लागते. वडिलांची तेवढीच खूण उरलेली, म्हणून थोरला तिच्यामागे झेपावतो आणि गमबुटांत पाणी भरून खाली जातो. इथे भाऊजी थांबतात, भिंतीवरच्या फोटोकडे बघतात आणि आवाज खाली आणून म्हणतात, "त्याच दिवशी ठरवलं, हातातून पडली तरी बुडणार नाही अशी काठी करायची." मग गिऱ्हाइकाला हौदाकडे घेऊन जातात.

मी लाकडी पडद्यामागे बसून काठ्यांना दोरा गुंडाळत असते, त्यामुळे गेली सहा वर्षं माझा नवरा रोज दोन-तीनदा बुडतो. शनिवारी जास्त. सुरुवातीला मी कानात बोटं घालायचे. पण दोरा गुंडाळायला दोन्ही हात लागतात.

काम तसं सरळ आहे, फक्त वेळखाऊ. कार्बनची पोकळ नळी, तिच्यावर दोर जाण्यासाठी लहान होत जाणाऱ्या कड्या, खाली कॉर्कची मूठ. मुठीच्या आत आणि तिच्या पुढे हलका फोम भरायचा. किती भरायचा, हेच आमचं सगळं शहाणपण. काठी एकटी सहसा बुडत नाही, तिला बुडवते ती मुठीजवळची दोर गुंडाळायची जड चरखी. म्हणून गिऱ्हाइकानं स्वतःची चरखी आणल्याशिवाय आम्ही मापच घेत नाही. कितीही मोठा माणूस असला आणि कितीही नाकानं कांदे सोलत असला, तरी चरखी आणायला त्याला परत घरी पाठवतो. मग हौदात परीक्षा. हौदात गोडं पाणी भरतो, कारण गोड्या पाण्यात तरंगली तर खाऱ्यात तरंगणारच. कड्या दोऱ्यानं बांधायच्या, दोऱ्यावर वार्निश, आणि ते ओघळू नये म्हणून काठी मोटरवर सावकाश फिरत ठेवायची.

आणि एक नेम, सासऱ्यांनी घालून दिलेला. नव्या तऱ्हेची पहिली काठी केली की हौदावर विश्वास ठेवायचा नाही. ज्यानं केली त्यानंच होडीतून ती समुद्रात टाकायची आणि त्यानंच हातानं काढायची. दुसऱ्यानं काढलेली चालत नाही. सासरे म्हणायचे, आपल्या कामाची लाज आपणच भिजवून बघावी.

आता भाऊजींची ती कहाणी थोडी खोटी आहे, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. तरंगणारी काठी "त्याच दिवशी" सुचली नव्हती. ती माझ्या नवऱ्यानं आधीच करून ठेवली होती, दोरा मी गुंडाळला होता, आणि त्या सकाळी ती समुद्रात टाकून बघायलाच दोघे भाऊ निघाले होते. वडिलांची जुनी काठी बरोबर घेतली ती जमलं तर मासे धरायला म्हणून. नवी काठी टाकायची वेळच आली नाही, त्याआधी घात झाला, असं भाऊजी म्हणाले. आणि नंतर दुःखाच्या भरात आपण ती मोडून टाकली, असंही म्हणाले. मी विश्वास ठेवला. माझा नवरा एका जुन्या काठीपायी मला टाकून गेला म्हणून त्याचा राग राग करण्यातच मला इतकं काम होतं की बाकी काही तपासायची ताकद नव्हती.

पण माझं सोडा. खरे हाल झाले ते आईंचे, माझ्या सासूबाईंचे. त्या सकाळी दारात उभ्या राहून त्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या, "बाबांची काठी सांभाळ रे. त्यांचं म्हणून तेवढंच राहिलंय." एवढंच वाक्य. कुठलीही आई म्हणेल असं. संध्याकाळी भाऊजी एकटे परत आले आणि त्यांनी सांगितलं की दादा बाबांच्या काठीमागे गेला. त्या क्षणापासून ते वाक्य आईंच्या मनात रुतलं ते पुन्हा निघालंच नाही. समुद्राकडच्या खोलीतून त्यांनी आपली खाट मागच्या खोलीत नेली. अर्ध्या ताटावरून उठायला लागल्या. डॉक्टर म्हणतो काही आजार नाही, आणि बाई दर महिन्याला वाळत चाललेली. रोज कधीतरी मला जवळ बोलावतात. "पोरी, मी तसं म्हणाले नसते तर त्यानं ती सोडून दिली असती ना गं?" मी म्हणते, "नका हो आई." दुसरं काय म्हणणार? सोडून दिली असती, हे मलाही वाटत होतं.

परवा नवीन मोटर आली. आधीच्यापेक्षा लांब, चार काठ्या एकदम फिरवणारी. ती बसवायला वार्निशचं कपाट भिंतीपासून ओढलं, तर मागे प्लास्टिकचा पाइप उभा. काठ्या ठेवतो तसलाच, दोन्ही टोकांना झाकण, वरून चिकटपट्टी. भाऊजी बाजारात गेले होते. मला वाटलं कुणा गिऱ्हाइकाची विसरलेली काठी असेल. पट्टी काढली आणि आतून काठी बाहेर ओढली.

निळा दोरा. सगळ्या कड्या निळ्या, फक्त मुठीजवळची शेवटची काळपट, डाग पडल्यासारखी. तो डाग माझा होता. पहिल्या काठीच्या शेवटच्या कडीला आमचा नायलॉनचा दोरा संपला होता, आणि नवऱ्याला तर घाई. मी शिवणाच्या डब्यातला निळा सुती दोरा वापरला. सुती दोरा वार्निश पितो आणि काळा पडतो, हे मला माहीत होतं, तरी वापरला. "पहिलीच काठी आणि तिला डाग," तो म्हणाला होता. मी म्हटलं, "बुडाली तर कुणाला दिसणार आहे?" खूप हसला होता.

म्हणजे मोडली नव्हती. मी चरखी फिरवून बघितली. फिरेना. दातांमध्ये पांढरं मीठ बसलं होतं, घट्ट, जुनं. आमच्या हौदात मीठ नसतं. काठी समुद्रात पडली होती आणि समुद्रातून वर आली होती.

भाऊजी आले तेव्हा मी ती काठी कामाच्या टेबलावर आडवी ठेवली होती. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि दुकानाचं दार आतून लावून घेतलं. मी काही विचारायच्या आधीच दार लावलं, म्हणजे उत्तर तिथेच मिळालं.

"तरंगली होती का?" मी विचारलं.

"वहिनी, बसा आधी."

"बसलेलीच आहे. तरंगली होती का?"

त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "काय तरंगली म्हणून सांगू. मूठ वर, टोक खाली, अशी डुलत उभी. दादा लहान मुलासारखा टाळ्या वाजवत होता."

"मग?"

"मग काढायला वाकला. हातभर लांब होती. मी म्हटलं थांब, होडी वळवतो. तर म्हणाला, मी केली, मीच काढणार. अजून वाकला. बोट लागलं की ती जरा पुढे सरकायची. पुन्हा बोट लागायचं, पुन्हा सरकायची."

"आणि बुडाली असती तर?"

"बुडाली असती तर चार शिव्या घालून घरी आला असता."

मी काठी माझ्याकडे ओढून घेतली. 

"बाबांची काठी?"

"ती होडीतच होती, न भिजलेली. बंदराचा धक्का दिसायला लागला तेव्हा मी टाकली. चरखीच्या वजनानं ती लगेच गेली खाली."

"भाऊ बुडाल्यावर तुम्हाला हे सुचलं."

"वहिनी, लोक विचारणार होते. काय सांगायचं होतं मी? आम्ही न बुडणारी काठी केली आणि तिच्यामागे माणूस बुडाला? कुणी हात लावला असता का तिला? दुकान चाललं असतं? तुम्ही काय खाल्लं असतं, आईनं काय खाल्लं असतं?"

माझं नाव यायचंच होतं त्यात. लोक स्वतःसाठी खोटं बोलतात आणि बिल दुसऱ्याच्या पोटाच्या नावानं फाडतात.

"एक सांगा," मी म्हटलं. "आधी काय उचललंत? काठी, की त्याला?"

"ती वाहत माझ्याच बाजूला आली."

"मी ते नाही विचारलं."

ते चरखीवरचं मीठ अंगठ्याच्या नखानं खरवडायला लागले. चाळिशी ओलांडलेला माणूस, पोट सुटलेलं, आणि मान खाली घालून नख घासतोय. मला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मारली असती तर बरं झालं असतं, निदान हाताला तरी समाधान.

"आईंना सांगा," मी म्हटलं.

"आता या वयात कशाला?"

"त्या एका वाक्यापायी मरतायत. तुमच्यासमोर."

"वय झालंय तिचं, वहिनी."

"मग मी सांगते."

"सांगा," ते म्हणाले. "फक्त बाहेर बोलू नका. पुढच्या महिन्याच्या ऑर्डरी घेऊन ठेवल्यात."

वर गेले तेव्हा आई खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. मी खाटेशेजारी जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. वडिलांची काठी होडीतच होती. तो त्याच्या स्वतःच्या नव्या काठीमागे गेला. ती तरंगत होती, म्हणून गेला.

आईंना एकदा सांगून पुरलं नाही. "म्हणजे बाबांच्या काठीसाठी नाही?"

"नाही."

"मी म्हणाले म्हणून नाही?"

"नाही आई. तुमच्या बोलण्याचा काही संबंधच नव्हता. तुमचं काही चुकलं नव्हतं."

त्या रडल्या. पण नेहमीसारखं आतल्या आत नाही, मोकळं, भोकाड पसरून. मग पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, चहा कर, साखर जरा जास्त घाल. चहाबरोबर पाव खाल्ला, अख्खा. मला काय वाटलं ते कसं सांगू. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्याच्यासाठी काहीतरी केलं होतं. त्याची आई त्याला परत दिली होती. माझा त्याच्यावरचा रागही जणू कुणी उचलून नेला. तो जुन्या लाकडापायी गेला नव्हता, टाळ्या वाजवत, खुशीत गेला होता.

"धाकट्यानं असं का केलं असेल?" आईंनी विचारलं.

"धंद्यासाठी."

"घाबरला असेल गं. डोळ्यांदेखत भाऊ गेला. पोरगंच ते."

इतक्या लवकर. मी अजून कप विसळायला उचलला नव्हता, तोवर भाऊजींची सुटका झालीसुद्धा. सहा वर्षं जिनं स्वतःला एका वाक्याची माफी दिली नाही, तिनं मुलाला सहा वर्षांच्या खोट्याची माफी दोन घोटांत दिली. मला राग आला, पण म्हटलं जाऊ दे, आई आहे. जेवली हे महत्त्वाचं.

त्या खिडकीकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "ती काठी तुम्ही दोघांनी बसून केलीत ना?"

"हो."

"त्याचं मन कितपत होतं तीत?"

"खूप होतं आई. जीव ओतला होता त्यानं."

"आणि दोरा तू गुंडाळलास."

"हो."

त्यांनी उरलेला चहा संपवला. कप माझ्या हातात दिला नाही, खाटेच्या कडेला ठेवला.

"एवढी चांगली कशाला केलीत गं?" त्या म्हणाल्या.

मी म्हणणार होते की तो तसाच होता, त्याला वाईट काम जमतच नव्हतं. म्हणणार होते की वाकायचा नेम तुमच्या नवऱ्यानं घातला होता, खोटं तुमच्या धाकट्यानं सांगितलं, आणि मी फक्त कड्या बांधल्या. पण त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि सहा वर्षं ज्या नजरेनं त्या आरशात स्वतःकडे बघायच्या ती नजर मी ओळखली. आता ती त्यांना लागणार नव्हती, म्हणून मला दिली.

आई आता नीट जेवतात. झोपही लागते. डॉक्टर खूश आहे. मला मात्र त्या पोरी म्हणत नाहीत, काहीच म्हणत नाहीत. तहान लागली तर दुकानातून भाऊजींना हाक मारून वर बोलावतात, मी शेजारी बसलेली असले तरी.